नागपाड्यापासून पेठपर्यंत : मन जाणणाऱ्यांच्या शिक्षणाची वाटचाल

नाशिकहून पेठकडे जाणारा रस्ता सावळघाट व कोटंबीचा घाट ओलांडून सह्याद्रीच्या कुशीत शिरतो आणि पुढे गुजरातच्या कपराडा, धरमपूरकडे उतरतो. पावसाळ्यात धो धो कोसळणारा पाऊस आणि होळीनंतर हंड्याहंड्यासाठी डोंगर उतरणाऱ्या बाया, अशी या मुलखाची दोन टोके. नागली, वरई व भात ही येथली पिके. ती हाती आली, की कोकणा, महादेव कोळी व वारली कुटुंबे दिंडोरी-नाशिककडील द्राक्षबागांत मजुरीला निघतात. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या एक लाख वीस हजारांच्या आसपास भरली आणि तिच्यात आदिवासींचा वाटा फार मोठा होता. इंग्रजी दप्तरात ‘पेंट’ म्हणून नोंदलेले हे एके काळचे छोटे संस्थान. १८५७ च्या धामधुमीत हरसूल-पेठच्या कोळ्यांनी उठाव केला आणि संस्थानिक घराण्यातील भगवंतराव यांना इंग्रजांनी फासावर चढविले. पुढे १८७८ मध्ये येथील बेगमसाहेबांच्या निधनानंतर संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा तालुका झाले. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाने येथील साग मोजला, शेतसारा मोजला, ताप व देवीच्या साथी नोंदविल्या. माणसांच्या मनाची नोंद करावी असे त्याला वाटले नाही. त्या काळी ते कोणालाच वाटत नव्हते, तेव्हा एकट्या साहेबाला दोष देण्यात अर्थ नाही.

अशा या तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात एक आगळा प्रयोग झाला. शेतकरी, बचत गटातील बाया आणि गावातील चारचौघांत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी माणसे यांना मनाने खचलेल्या शेजाऱ्याशी कसे बोलावे, त्याचे कसे ऐकावे, याचे शिक्षण देण्यात आले. एक्केचाळीस गावांत हे काम चालले. प्रयोगाचे नाव होते ‘आत्मीयता’. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवर ते आले असेल. वृत्तपत्रांत मोठा मथळा मिळावा असे त्यात काही नव्हते. पण युवकांच्या व कुटुंबांच्या मनाची शुश्रूषा करणाऱ्यांनी कोठे, कोणापाशी आणि किती काळ शिकावे, हा जो प्रश्न महाराष्ट्रात नऊ दशके विचारला जात आहे, त्याला पेठने आपल्या परीने एक उत्तर दिले. ते समजून घ्यावयाचे, तर थोडे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णासाठी शासनापाशी एकच उपाय होता : भिंत. १८५८ च्या कायद्याने ‘वेड्यांची इस्पितळे’ हिंदुस्थानभर रीतसर उभी राहू लागली. आजच्या महाराष्ट्रातील नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. येरवड्याचे त्यांच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभे राहिले. पुढे दीर्घकाळ राज्याचा सारा भार या चार ठिकाणांनीच वाहिला. नकाशा पसरून पाहिले, तर नाशिक, धुळे, जळगाव या साऱ्या उत्तर पट्ट्यात त्यांपैकी एकही नाही. पेठच्या माणसाला जवळचे ठाणे, तेही घाट उतरून. आणि तेथे नेलेला माणूस परत येतो, यावर गावाचा विश्वास नसे. तेव्हा घरच्यांनी भगताकडे धाव घेतली, कोंबडे दिले, अंगारा लावला, तर त्यास केवळ अज्ञान म्हणून हिणवणे आम्हास रास्त वाटत नाही. भगत निदान हाकेच्या अंतरावर होता आणि तो घरच्यांच्या बोलीत बोलत होता.

या भिंतीआड शिक्षण कसले असणार? राखणदाराला लागेल तेवढे. डॉक्टर बहुधा सामान्य वैद्यकाचे, परिचारकांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा. १९१२ च्या कायद्याने या इस्पितळांचा कारभार तुरुंग खात्याकडून नागरी शल्यचिकित्सकांकडे आला, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. मुलांचा, तरुणांचा, कुटुंबाचा विचार तेथे शिरलाच नाही. तो शिरला एका अगदी वेगळ्या दारातून, आणि ते दार मुंबईच्या नागपाड्यात होते.

क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे एक पाद्री. शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या या गृहस्थांनी गिरणगावाच्या वेशीवरील नागपाड्याच्या वस्तीत एक शेजारघर चालविले. वाचनालय, दवाखाना, मुलांचे खेळ, प्रौढांचे वर्ग असे सारे तेथे एका छताखाली असे. या अनुभवातून त्यांना जाणवले, की दया पुष्कळ आहे, पण दयेला शास्त्राची जोड नाही. टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये त्यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. हिंदुस्थानातील समाजकार्याचे हे पहिले उच्च शिक्षणकेंद्र. आज आपण त्यास टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. हे नाव १९४४ चे. विद्यालय सुरू होऊन एक वर्षही लोटते न लोटते, तोच १९३७ मध्ये त्यास जोडून बालमार्गदर्शन केंद्र उघडण्यात आले. देशातील ते पहिलेच.

या केंद्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. त्याची कल्पना शिकागोहून आली होती. तेथे १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास आरंभिला आणि त्यांच्या ध्यानात आले, की चोरी करणारे पोर एकटे कधीच नसते. त्याच्यामागे एक घर असते. म्हणून पोराला तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ, त्याची बुद्धी व स्वभाव पाहणारा मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन आईबापांशी बोलणारा समाजकार्यकर्ता अशा तिघांनी एकत्र बसावे, ही पद्धत रूढ झाली. मुंबईत तीच पद्धत आली, आणि येताना तिने आणखी एक काम पत्करले : केंद्र हीच शाळा झाली. विद्यार्थी पुस्तक मिटून तेथे येई, मुलाच्या घरी जाई, परत येऊन आपण काय पाहिले ते ज्येष्ठांपुढे मांडी व त्यांच्याकडून दुरुस्त करून घेई. देखरेखीखाली शिकण्याची ही रीत नर्सिंगमध्ये होती, वकिलीत होती, सुतारकामात तर पूर्वापार होती. मनाच्या शुश्रूषेत ती आपल्याकडे प्रथम येथे रुजली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य ही विद्यालयाची स्वतंत्र शाखा झाली आणि गौरी राणी बॅनर्जी यांनी तिला घडविले. मोठ्या रुग्णालयांत आज जे समाजसेवा अधीक्षक दिसतात, त्यांच्या विद्येचा उगम या घराण्यात आहे.

१९४६ च्या भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो पट मांडला, त्यात मानसिक आरोग्यासाठी शिकविलेली माणसेच नाहीत, अशी स्पष्ट खंत होती. तिचे फळ म्हणून १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली व १९७४ मध्ये तिचे रूपांतर ‘निमहान्स’ या नावाने सर्वपरिचित झालेल्या राष्ट्रीय संस्थेत झाले. तिने पुढे एक फार महत्त्वाचा पायंडा पाडला. तज्ज्ञ वाढविण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी यांनाच थोडे शिकवावे, असा तो होता. बंगळूरजवळील सकलवारा या गावी आणि हरियाणातील रायपूर राणी येथे १९७५ च्या सुमारास हे करून पाहण्यात आले. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम या दोन गावांच्या अनुभवावर उभा आहे. बल्लारी जिल्ह्यात तो कसोटीला लागला व १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून देशभर पसरू लागला.

या प्रवासात आपल्या ख्रिस्तसभेचा काही वाटा आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहील. आहे, आणि तो लहान नाही. १९५५ मध्ये मुंबईत ‘निर्मला निकेतन’ हे समाजकार्य महाविद्यालय सुरू झाले, ते मरियेच्या हृदयाच्या कन्या या संघाच्या धर्मभगिनींनी. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात, १७९० मध्ये जन्मला. व्रतस्थांना उघडपणे राहणे कठीण झाले, तेव्हा या भगिनींनी झगा व मठ यांवाचून, सामान्य स्त्रियांच्या वेशात लोकांत राहण्याचे ठरविले. ज्यांनी वेगळेपणाची खूणच उतरवून ठेवली, त्यांच्या हातून लोकांच्या घरांत शिरणारे कार्यकर्ते घडावेत, यात आम्हाला एक सुसंगती दिसते. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात असे सांगितले, की मेंढपाळी कार्यात केवळ ईश्वरविज्ञानाची तत्त्वे पुरेशी नाहीत, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही उपयोग करून घेतला पाहिजे. आमच्या पिढीच्या सेमिनरी-शिक्षणावर या वाक्याचा फार मोठा परिणाम झाला. आमच्या आधीच्या धर्मगुरूंना लॅटिनचे व्याकरण मुखोद्गत असे. आमच्या वाट्याला त्यासोबत मानसशास्त्राची प्राथमिक पुस्तके आली.

परंतु प्राथमिक पुस्तक वाचून धर्मगुरू समुपदेशक होत नाही. हे ओळखले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी. मुंबईत १९३१ साली जन्मलेल्या फादरांनी साठच्या दशकात शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मेंढपाळी समुपदेशनाचे शिक्षण घेतले होते. १९७३ च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयात ‘साधना’ संस्थेचा पाया घातला आणि १९७८ मध्ये ती लोणावळ्यास नेली. तेथे येणारे विद्यार्थी कोवळे नव्हते. वर्षानुवर्षे काम केलेले धर्मगुरू व धर्मभगिनी महिनोनमहिने तेथे राहत. प्रथम स्वतःचा राग, स्वतःचे भय, स्वतःचा एकटेपणा तपासत आणि मगच दुसऱ्याचे ऐकावयास शिकत. व्यवसायात मुरलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, याला आज निरंतर शिक्षण म्हणतात. आपल्या मराठी मुलखात कॅथलिक परिसरापुरते त्याचे पहिले ठळक उदाहरण आम्ही हेच मानतो. फादरांचे १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे निधन झाले. पुढे १९९८ मध्ये रोमच्या श्रद्धा-सिद्धान्त विभागाने त्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली, हेही नमूद केले पाहिजे. त्या वादाने त्यांच्या शिक्षणकार्याचे मोल उणे होते, असे आम्हास वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन या दोहोंची गल्लत आपल्या लोकांत आजही होते. पापनिवेदनास आलेला तरुण पापाची क्षमा मागतो, ती त्याला मिळते. परंतु तीन आठवडे झोप न लागणे हे पाप नव्हे, आणि परीक्षेच्या भीतीने हात थरथरणे हेही पाप नव्हे. अशा मुलाला एक ‘नमो मरिया’ सांगून वाटेला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तसाच, खऱ्या अपराधाच्या जाणिवेने व्याकूळ झालेल्यास केवळ गोळ्यांवर सोपवणे हाही अन्यायच. दोहोंतील सीमारेषा ओळखण्यासाठी जे शिक्षण लागते, ते एका वर्षात पुरे होत नाही.

मराठी समाजात ऐंशी-नव्वदच्या दशकांत या क्षेत्राला नवी पालवी फुटली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभारले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले. तेथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे समुपदेशक म्हणून घडू लागली आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट उभा राहिला. जो बुडता बुडता वाचला, तोच पोहावयास शिकवू लागला. मात्र केवळ बुडण्याचा अनुभव पुरत नाही, त्याला पोहण्याचे तंत्रही शिकावे लागते, हे मुक्तांगणने ओळखले होते. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्याशी मराठीत, तेही सभागृहात उभे राहून, मनाविषयी बोलता येते हे तिने दाखवून दिले. आणि कि. मो. फडके यांचे नाव न घेता पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा त्यांनी दीर्घ पत्रव्यवहारातून अभ्यास केला आणि ती मराठी वाचकांच्या व अनेक समुपदेशकांच्या हाती दिली. पोस्टाच्या तिकिटावर चाललेले हे निरंतर शिक्षण आजच्या पडद्यावरील शिक्षणापेक्षा कमी कसाचे होते, असे कोण म्हणेल?

आता शासकीय बाजू थोडक्यात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी चालू राखण्यासाठी डॉक्टरला पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे तीस गुण मिळवावे लागतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यांनाही अशा शिक्षणाचे बंधन आहे. २०२१ च्या कायद्याने समुपदेशक व मानसोपचार समाजकार्यकर्ते यांनाही एका राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. हेतू उत्तम आहे. परंतु गुणांसाठी भरणाऱ्या परिषदांचा जो थाट असतो, तो पाहिला की शंका येते. वातानुकूलित सभागृह, दुपारी भोजन, शेवटी प्रमाणपत्र. बोलणारे व ऐकणारे दोघेही शहरातले, आणि उदाहरणेही शहरातलीच. पेठच्या आश्रमशाळेत घरापासून दूर राहणारी, रात्री पांघरुणात रडणारी मुलगी या गुणपत्रिकेत कोठे बसते? तिच्या सर्वांत जवळचे मोठे माणूस म्हणजे वसतिगृहाची अधीक्षिका. तिला मात्र मन जाणण्याच्या शिक्षणाचे असे कोणतेही बंधन नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. एकाच शहरातील ही दोन दारे अधीक्षिकांच्या निरंतर शिक्षणासाठी एकमेकांकडे उघडली, तर किती बरे होईल!

गरज किती मोठी आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखविले. प्रौढांपैकी सुमारे दहा टक्क्यांहून अधिक आणि तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींपैकी सात टक्क्यांहून अधिक यांना कोणता ना कोणता मनोविकार होता. आजारागणिक प्रमाण बदलते, पण बहुतेक विकारांत शंभरांतील सत्तर किंवा त्याहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलाच नव्हता. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. गुजरात त्यात होते, महाराष्ट्र नव्हते. म्हणजे घाटाखालच्या कपराड्याचे राज्य मोजले गेले आणि घाटावरच्या पेठचे राहिले.

तज्ज्ञ कमी, दुःख अफाट. अशा वेळी तज्ज्ञाचे काही काम साध्या माणसाला शिकवून त्याच्यावर सोपवावे, हा विचार जगात बळावला. झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आजीबाईंना शिकविले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, आणि शेजारी मन मोकळे करणारी सून किंवा तरुण. त्यांच्या शोना भाषेत नैराश्याला जवळचा जो शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करणे असा होतो. आपल्या बाया ‘विचार करून करून जीव पोखरला’ म्हणतात, त्याहून तो किती वेगळा? आपल्या शेजारी गोव्यात १९९६ मध्ये ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या स्थानिकांना समुपदेशक म्हणून घडविले आणि त्यांच्या कामाचा गुण येतो, विशेषतः सरकारी दवाखान्यांत येतो, हे २०१० मध्ये शास्त्रीय कसोटीने दाखविले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पाद्वारे आशा कार्यकर्तींना शेतकरी कुटुंबांतील खचलेल्यांना ओळखण्याचे काम दिले, तेही याच विचाराचे.

आणि आता पेठ. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र, म्हणजे डॉ. सौमित्र पाठारे व त्यांचे सहकारी, यांनी या प्रयोगाची आखणी केली. कॅनडातील ‘ग्रँड चॅलेंजेस’ निधीने पैसा पुरविला. गावांत पाय रोवलेली संस्था होती ‘बाएफ’. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये लावलेले हे रोप. ‘वाडी’ योजनेतून आंबा-काजूची झाडे लावून देणाऱ्या या संस्थेवर डोंगरातल्या माणसाचा विश्वास होता. मनाचे काम झाडांच्या कामाच्या खांद्यावर बसून गावात आले, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. ‘आम्ही तुमच्या मनाचे डॉक्टर’ म्हणून कोणी एकदम दारात उभा राहिला असता, तर दार बंद झाले असते.

शिकणाऱ्यांचे दोन स्तर होते. पहिला ‘आत्मीयता मित्र’. त्याने डोळे उघडे ठेवावेत : कोणाची बाई पाणवठ्यावर येईनाशी झाली, कोणाचा पोरगा बागेवरून परतल्यापासून बोलत नाही, कोणाच्या घरी रात्री आदळआपट होते. असे काही दिसले, की त्याने दुसऱ्या स्तरावरील ‘चॅम्पियन’ला सांगावे. हा चॅम्पियन म्हणजे बचत गटाची किंवा शेतकरी मंडळाची जाणती व्यक्ती. त्याने त्या माणसाकडे जावे, एकदा नव्हे, तर चार ते सहा वेळा, आणि तीन गोष्टी कराव्यात. मध्ये न बोलता लक्षपूर्वक ऐकावे. ज्याचे हातपाय दुःखाने गळाले आहेत, त्याला एखादे छोटे, पूर्वी आवडणारे काम पुन्हा हाती घ्यावयास लावावे. आणि प्रश्नांच्या गुंत्यातून सुटण्याजोगा एक धागा त्याच्याबरोबर बसून शोधावा. तो धागा पुष्कळदा मनाचा नसेच. निराधार योजनेचा अर्ज अडला असेल, रोजगार हमीची मजुरी थकली असेल. म्हणून शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे हेही या शिक्षणाचे एक अंग ठेवण्यात आले होते. ज्याचा आजार तीव्र आहे, त्याला सरकारी आरोग्यसेवेकडे पोहोचविणे हे शेवटचे अंग. उपचार आपण करावयाचा नाही, ही मर्यादा चॅम्पियनला प्रथमच शिकविली जाई.

चॅम्पियनच्या हाती एक स्मार्टफोन असे आणि त्यात छोटे चित्रपट. विषय घरचेच : बेकारी, कुटुंबातील कलह, बायकोला होणारी मारहाण, दारू. पारावर किंवा ओसरीवर चार माणसे जमवून चित्रपट दाखवायचा आणि मग गप्प बसायचे. बोलायचे ते लोकांनी. ‘तुला काय दुःख आहे?’ असे विचारले, तर आपला माणूस ‘काही नाही, बरे आहे’ असेच म्हणणार. पडद्यावरच्या माणसाच्या दारूविषयी मात्र तो भरभरून बोलतो, आणि बोलता बोलता स्वतःच्या घरात येऊन पोहोचतो. आपल्या प्रभूच्या दाखल्यांची रीत हीच नव्हे काय? नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजा आधी गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला आणि नंतर त्याला कळले, की गोष्ट आपलीच आहे.

निरंतर शिक्षणाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग असा, की शिकवून प्रमाणपत्र हाती देऊन कोणी निघून गेले नाही. चॅम्पियन शिकत, गावात जाऊन करून पाहत, अडत, आणि आपली अडचण प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांपुढे व सोबत्यांपुढे ठेवत. नागपाड्याच्या केंद्रात १९३७ मध्ये जी रीत होती, तीच ही. फरक इतकाच, की तेथील विद्यार्थी पदवीधर होता आणि येथील विद्यार्थिनी सकाळी नागलीची लावणी करून आलेली असे. तिला आपल्या शिक्षकाहून एक गोष्ट अधिक ठाऊक होती : समोरच्या घराचा इतिहास. कोणाचा दीर कोणाशी का बोलत नाही, कोणाची मुलगी सुरगाण्याला दिली आणि परत का आली, हे तज्ज्ञाला सहा भेटींत कळणार नाही.

याच ज्ञानात धोकाही आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. शेजाऱ्याला सांगितलेले गुपित शेजाऱ्यापाशी राहील काय? धर्मगुरूच्या कानांवर संस्काराची मुद्रा असते. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या कानांवर कोणती? नवऱ्याच्या मारहाणीविषयी बोललेली सून उद्या विहिरीवर चर्चेचा विषय झाली, तर शिक्षणाने भले होण्याऐवजी तिचे आणखी हाल होतील. म्हणूनच आम्हास असे वाटते, की अशा कार्यकर्त्यांना ऐकण्याचे तंत्र एकदा शिकवून भागत नाही. गुपित सांभाळण्याची सवय, स्वतःच्या मनावर साचणारा भार हलका करण्याची जागा आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे निःसंकोच म्हणण्याची मोकळीक या गोष्टी पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे मिळाव्या लागतात. ठरावीक मुदतीच्या निधीवर चालणारा प्रकल्प मुदतीपुरता असतो. दुःखाला मुदत नसते.

युवकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्याची केंद्रे ‘मैत्री’ या गोड नावाने उघडली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. हा कायदा घडविण्यात डॉ. पाठारे यांचा सहभाग होता, हे पेठच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. त्यावर मराठीतही बोलता येते, आणि तो प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर, मिस्साच्या वेळापत्रकाशेजारी, लागलेला असावा अशी आमची विनंती आहे. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. त्याच्या व इतर धर्मप्रांतांच्याही वसतिगृहांत डोंगरातून आलेली मुले राहतात. त्यांच्या वॉर्डन भगिनींनी व बंधूंनी दर वर्षी काही दिवस तरी पुन्हा विद्यार्थी होऊन बसावे, यासाठी ‘आत्मीयते’चा अभ्यासक्रम आपल्याला परका नाही. तो आपल्याच भाषेतील नावाने व आपल्याच डोंगरात पारखला गेला आहे.

पेठमधील काम २०१५ मध्ये संपले, पण कल्पना थांबली नाही. घाट उतरून ती गुजरातेत गेली. मेहसाणा जिल्ह्यात २०१७ पासून ६४५ गावांत तिचा विस्तार झाला आणि गावे चिठ्ठी टाकून टप्प्याटप्प्याने निवडण्याच्या शास्त्रीय पद्धतीने तिची परीक्षा घेण्यात आली. ज्यांच्याशी चॅम्पियन बोलले, त्यांची मनःस्थिती इतरांच्या तुलनेत सुधारली, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने लोकवस्तीत चालणाऱ्या चांगल्या मानसिक आरोग्यसेवांचा एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ काढला. झिंबाब्वेचा आजीबाईंचा बाक त्यात आहे आणि ‘आत्मीयता’ही आहे. तिच्या नावापुढे लिहिले आहे, गुजरात.